टिकलीभोवतीचा गोल

आमच्या घरमालकांना बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी ते चालत असायचे. चहा अंगणात फेऱ्या मारत प्यायचे, जेवताना मध्येच ताट हातात घेऊन फाटकापर्यंत जाऊन यायचे, आणि कुणी पाहुणा आला तर त्याला खुर्ची देऊन स्वतः त्याच्याभोवती असे फिरायचे की पाहुण्याचीच मान अवघडावी. सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली होती. "बसून बसून बूड झिजलं म्याडम, आता पाय झिजवायचे ऱ्हायलेत," असं म्हणायचे.

भूमच्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला मी रुजू झाले आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या, तेव्हा त्यांनी मला एकच अट घातली. भाडं कधी द्यायचं, पाणी किती वापरायचं, रात्री किती वाजता यायचं, याबद्दल अवाक्षर नाही. "फाटकाची कडी उघडी टाकायची न्हाय. तेवढं सोडून काय बी करा."

मला वाटलं, चोरांची भीती असेल. दोन दिवसांत कळलं की भीती बाहेरून आत येणाऱ्यांची नव्हती. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, विसरण्याचा आजार जडला होता. माणसं विसरायच्या, जेवलो की नाही ते विसरायच्या, भाजीत दोनदा मीठ घालायच्या. पाय मात्र काही विसरले नव्हते. फाटक उघडं दिसलं की पदर सावरून, कमरेला पान-सुपारीची चंची खोचून निघायच्या. कुठं निघालात विचारलं की सांगायच्या, "सोनारीला. यात्रा हाय. आई वाट बघायलीय." सोनारी त्यांचं माहेर. आईला जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि सोनारीची दिशा काकूंच्या लेखी रोज बदलायची. एकदा त्या बाजारतळावर सापडल्या, एकदा पार शेजारच्या वाशी गावच्या रस्त्यावर. एकदा गावामागच्या डोंगराकडं जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेवर, आणि तिथं तर एका मेंढपाळानं ओळखलं म्हणून बरं.

त्या डोंगरवाटेपासून काकांची झोप उडाली. मुलानं पुण्याहून दोन जुने फोन पाठवले. एक काकांना, एक काकूंना. काकूंचा फोन जिथं असेल तिथं काकांच्या फोनवर नकाशात एक निळा ठिपका दिसायचा. काका त्याला टिकली म्हणायचे. प्रश्न होता की काकूंनी फोन जवळ ठेवावा कसा. गळ्यात अडकवला, तो त्यांनी तुळशीत पुरला. पिशवीत घातला, ती पिशवी त्यांनी भांडीवालीला देऊन टाकली. शेवटी काकांना चंची सुचली. काकू नवऱ्याचं नाव विसरतील, पण पान-सुपारीची चंची सोडून घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. काकांनी शिंप्याकडून चंचीला आतून एक जास्तीचा कप्पा शिवून घेतला. त्यात फोन बसला. काकूंना पत्ता लागला नाही.

दुसऱ्या कुणी एवढ्यावर सुटकेचा निःश्वास टाकला असता. आमच्या काकांच्या मागं नवीनच भुंगा लागला. टिकली दाखवते ते खरं कशावरून?

"ह्यो फोन म्हंजे कंडक्टर," ते मला म्हणाले. "गाडी कुठं हाय ती त्यानं सांगायची. आन् कंडक्टर नवा असला तर डायवरनं त्याच्यावर इसंबून ऱ्हायाचं नसतं. आदी चार फेऱ्या मारून बघायच्या."

मग त्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळी काकू झोपेत असताना काका त्यांची चंची उशाखालून काढायचे, स्वतःच्या पॅंटला बांधायचे, आपला फोन वरच्या खिशात घालायचे आणि फाटकाची कडी लावून मोठ्यानं म्हणायचे, "डबल!" कंडक्टरनं दोनदा घंटी मारली की गाडी सुटते, इथं कंडक्टर तेच, ड्रायव्हर तेच. काकू उठायच्या आत चंची परत उशाखाली गेली पाहिजे, म्हणून चालणं असं की शेजारचं कुत्रं दमून माघारी फिरायचं. पिळदार मिश्यांचा माणूस कमरेला बायकोची चंची लावून भूमच्या रस्त्यानं निघालेला पाहून टपरीवरच्या पोरांना ऊत यायचा. "काका, आमाला बी एक पान लावा की!" काका न थांबता ओरडायचे, "पान न्हाय बाबा, टिकली हाय!" याचा अर्थ कुणालाच लागायचा नाही, पण त्यांना काही पडलेली नव्हती.

चाललेली वाट रेघ होऊन फोनवर उमटावी असं एक ॲप मी त्यांना दोन्ही फोनांत घालून दिलं होतं. त्याचा मला नंतर फार ताप झाला. मी कॉलेजला निघाले की ते जिन्याखाली उभे, नव्हे, फिरत असायचे.

"म्याडम, ह्ये बघा. वाट तीच, माणूस त्योच, अन् रेघा दोन. ही म्हणती म्या गल्लीतनं गेलो. ही म्हणती गिरणीच्या पत्र्यावरनं गेलो. आता ह्या वयात म्या पत्र्यावर चढंन का?"

"काका, थोडा फरक पडतोच."

"थोडा म्हंजे? गल्ली का पत्रा, ह्यो थोडा फरक हाय का?"

एकदा त्यांच्या मनानं घेतलं की सगळा दोष अडकित्त्याचा. चंचीत फोनला चिकटून लोखंडाचा अडकित्ता बसतो, तोच रेघ ओढतो. त्यांनी अडकित्ता काढून फेरी मारली. त्या दिवशी योगायोगानं रेघ बरी आली. काका हर्षभरित. अडकित्ता कपाटात ठेवून त्यांनी चंची परत केली. काकूंनी दुपारी चंची उघडली आणि जो आकांत मांडला तो तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू गेला. "माझ्या आईचा अडकित्ता हाय! कुन्या भाड्यानं नेला?" भाड्या गुपचूप अडकित्ता घेऊन आला. मी त्यांना समजावलं की एवढ्याशा लोखंडानं काही होत नाही, पण चेहऱ्यावरून पटल्यासारखं दिसलं नाही.

उंचीवर तर त्यांचा खास राग होता. फोन उंचीही सांगतो हे कळल्यावर त्यांनी आपल्याच ओट्याची उंची मोजली. सकाळी एक, दुपारी दुसरी, संध्याकाळी भलतीच. "घर वर-खाली हुतंय का काय दिवसभर?" मग एका सकाळी ते एसटी स्टँडाला फेऱ्या मारून आले. स्टँड ताटासारखं सपाट. फोननं हिशेब दिला की आज तुम्ही चांगली टेकडी चढलात, शाबास. काकांनी तो आकडा स्टँडावरच्या प्रत्येक ओळखीच्या ड्रायव्हरला दाखवला. "ष्टँडाला चकरा मारल्या आन् डोंगर चढलो! डिझेल बी लागलं न्हाय!" हसले ते सगळे, पण काका घरी आले ते घुश्शात. माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "हसण्यावारी न्ह्यायचं न्हाय म्याडम ह्ये. ती डोंगराकडं गेली, तर ती कड्याच्या वर हाय का कड्याच्या खाली, ह्ये मला कळाय नको का? टिकली दोन्हीकडं सारखीच दिसती. वर असली तर पडंल. खाली असली तर पाणी हाय."

त्या दिवशी मी त्यांना नीट बसवून सांगायचं ठरवलं. बसवून म्हणजे मी बसले, ते फिरत राहिले. सांगितलं, की फोन आभाळातल्या उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि ते यायला किती वेळ लागला यावरून आपली जागा ठरवतो. मोकळ्या माळावर चहूबाजूंचं आभाळ दिसतं, तिथं बरं जमतं. पत्र्याखाली, अरुंद गल्लीत आभाळ कमी. उंची तर त्याला कायमच कमी जमते, कारण सगळे उपग्रह डोक्यावरच्या बाजूचे, पायाखालून कुणीच बोलत नाही. शिवाय दर पावलाला उंची थोडी वर-खाली डुगडुगते, आणि ॲप ते सगळं डुगडुगणं चढ म्हणून मोजत बसतं. आणि उभ्या कड्याखाली सगळ्यात वाईट. अर्धं आभाळ झाकलेलं, त्यात काही संदेश सरळ न येता खडकावर आपटून येतात. उशिरा येतात, म्हणून फोनला वाटतं आपण लांब आहोत.

काका पहिल्यांदा थबकले. "म्हंजे हाक डोंगराला आपटून माघारी येती, तसं?"

"तसंच."

"मंग हाक मारणारा ऱ्हातो हिकडं, आन् आपल्याला वाटतंय तिकडं."

एवढं बोलून ते चालू लागले. पुढचे चार दिवस जिन्याखाली कुणीच नव्हतं. मला उलट चुकल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी मला त्यांनी डोंगरवाटेला नेलं. काकूंजवळ शेजारीण बसली होती. त्या वाटेच्या शेवटी पाझर तलाव आहे. तलावाच्या एका अंगाला काळा कडा सरळ उभा, आणि कडा अन् पाणी यांच्या मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट. मी धापा टाकत पोचले तोवर ते कड्याला पाठ लावून फोन समोर धरून उभे होते. "या. बघा, म्या बुडलो."

टिकली पाण्याच्या मधोमध होती. तिच्याभोवती फिकट निळा मोठा गोल पडला होता.

"ह्यो गोल बघा. टिकली न्हाय बघायची, टिकलीभवतीचा गोल बघायचा. गोल बारका असला म्हंजे कंडक्टर छातीठोक बोलायलाय. गोल मोठा झाला की समजायचं, अंदाजानं ठोकून देतोय." हे त्यांनी स्वतःच शोधलं होतं आणि अगदी बरोबर होतं. मग त्यांनी पाच पावलं पुढं, पाच मागं, वाकून, उभं राहून, कड्याच्या पोटातल्या एका कपारीत शिरूनही पाहिलं. टिकली पाण्यातून निघायला तयार नव्हती. हसता हसता त्यांनी फोन खाली घेतला. म्हणाले, "म्या बुडलो तर हसू येतंय. उद्या तिची टिकली हितं दिसली तर?"

परत येताना ते माझ्या इतके पुढं निघून गेले की मला त्यांची पाठसुद्धा दिसेना.

हा भुंगा मलाही चावलाच. काकूंची टिकली काकांनी माझ्या आणि शेजारणीच्या फोनवरही दिसेलशी करून ठेवली होती. फळ्यावर नद्यांची खोरी काढता काढता माझा हात फोनकडं जायचा. टिकली घरावर दिसली की बरं वाटायचं, आणि चार ओळी शिकवून झाल्या की पुन्हा जीव खालीवर. कधी घरावरची टिकली शेजारच्या परसात सरकायची, तेवढ्यावरही मी वर्गातूनच शेजारणीला फोन लावायची. मुलं म्हणायची, म्याडमचं कुणाशी तरी चाललंय.

आणि एका बाजाराच्या दिवशी ती टिकली तलावात दिसली.

पावसाळा सरत आला होता, तलाव काठोकाठ भरला होता. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला शेजारणीनं फाटक उघडून दिलं आणि ती टाकीमागं स्वयंपाकघरात गेली, तेवढ्यात काकू निसटल्या. काका भाजी आणायला बाजारात. मी वर्ग तसाच सोडला आणि स्कूटी डोंगरवाटेला घातली. वाटेत दोनदा फोन पाहिला. टिकली हलत नव्हती. पाण्यात होती आणि हलत नव्हती.

काठावर माणसं जमली होती. ट्रॅक्टर धुवायला आलेली तीन-चार पोरं, दोन मेंढपाळ, मागून धावत आलेली शेजारीण. तिनं आपल्या फोनवर टिकली सगळ्यांना दाखवली होती आणि रडत होती. पोरांनी शर्ट काढले होते. कुणी म्हणत होतं दोर आणा, कुणी म्हणत होतं पट्टीचा पोहणारा बोलवा. तेवढ्यात काका आले. हातात बाजाराची पिशवी तशीच, त्यातून मेथीची जुडी बाहेर आलेली. कुणाच्या तरी चालत्या मोटारसायकलवरूनच उतरले आणि सरळ पाण्याकडं न बघता फोनकडं बघितलं.

"गोल मोठा हाय," ते म्हणाले.

"काका, पाण्यात दिसायलंय!" एक पोरगा ओरडला.

"दिसायलंय. तुमी पाण्यात बघा, लेकरांनो, बघाच तुमी. म्या कड्याखाली बघतो."

"अहो, टैम चाललाय! कड्याखाली काय बघताव?"

ते वळलेसुद्धा होते. मागं कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यांना कड्याबद्दल सांगितलं होतं ते मीच. तरी त्या क्षणी माझा माझ्याच सांगण्यावर विश्वास उरला नाही. भूगोलाच्या पुस्तकातलं एक वाक्य, आणि समोर एवढं हिरवं, गप्प पाणी. पोरांनी उड्या मारल्या. मी काठावर उभी होते, आणि कुठल्या बाजूला जावं ते मला कळेना. मग मी काकांच्या मागं पळाले. हाक ते मारत नव्हते. कदाचित हाक आपटून आलेली त्यांना ऐकायची नसेल.

कपारीत काकू बसल्या होत्या.

सावलीला, ऐसपैस, मांडीवर चंची उघडून. आईच्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. पाय धुळीनं माखलेले, कोरडे. त्यांनी वर पाहिलं, नवऱ्याला ओळखलं की नाही कुणास ठाऊक, पण खाकी रंगाची पॅंट ओळखली असावी. नोकरी सुटली तरी काका तीच घालायचे.

"लई लेट केली गाडी," काकू रागावून म्हणाल्या. "कवाची बसलीय म्या. सोनारीची यात्रा उठून जाईल की."

काका अगदी ड्युटीवरच्या आवाजात म्हणाले, "घाटात पंक्चर झालती, बाई."

आणि ते खाली बसले. काकूंच्या शेजारी, धुळीत, मेथीची पिशवी मांडीवर घेऊन बसले. बराच वेळ बसले. काकूंनी त्यांना कातरलेल्या सुपारीतली चिमूटभर दिली. मी कपारीबाहेर येऊन पाण्यातल्या पोरांना दोन्ही हात हलवून ओरडले, आणि ओरडता ओरडता मला इतकं रडू फुटलं की पोरांना वाटलं भलतंच काही झालं. ती ओलेती तशीच धावत आली. काकूंनी त्यांना पाहून डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "तुमी बी यात्रेला का?"

पुढं माझी बदली कळंबला झाली. काकू त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेल्या. घरात, आपल्या अंथरुणावर, उशाखाली चंची असताना. फोनवर काकांनी एवढंच सांगितलं, "फाटक लावलेलं होतं म्याडम." महिन्याभरानं मी भूमला गेले. ते अंगणात फिरत होते, पण फाटक सताड उघडं होतं, आणि ते मला बघवेना. चहाही मीच केला.

दोन्ही फोन भरलेत म्हणाले, जुन्या रेघा पुसून द्या. चांगल्या-वाईट, गल्लीच्या, पत्र्यावरच्या, सपाट स्टँडावर चढलेल्या डोंगराच्या, सगळ्या मी एकेक दाखवून पुसत गेले आणि ते "पुसा," "पुसा," म्हणत माझ्याभोवती फिरत राहिले. मग काकूंच्या फोनातली एक रेघ आली. घरातून निघून बैलगाडीच्या वाटेनं तलावाशी गेलेली. तिथून ती थेट पाण्यात शिरत होती. खाली उंचीचा आलेख होता. त्याच्या हिशेबानं काकू तलावाच्या मध्यावर, पाण्याच्या कितीतरी वर, अधांतरी जाऊन थांबल्या होत्या.

सवयीनं मी म्हणाले, "ही तर पूर्णच चुकलीय काका. जागाही आणि उंचीही. पुसू?"

ते थांबले. "ती ऱ्हाऊ द्या."

"चुकीची आहे पण."

"म्हणूनच ठेवलीय," काका म्हणाले. "एवढ्या रेघांपायी त्या फोनला शिव्या घातल्या म्या. ही एक खरी निघाली असती, ती पाण्यातच असती, तर काय केलं असतं म्या?"

त्यांनी माझ्या हातून काकूंचा फोन घेतला, चंचीच्या आतल्या कप्प्यात अडकित्त्याला लावून सरकवला आणि चंची कमरेला खोचली. मग उघड्या फाटकातून बाहेर पडता पडता हळूच म्हणाले, "डबल."